होहेनलिंडच्या तीन चिठ्ठ्या

वाल्डसेल मठ, ३ ऑक्टोबर १६९४

प्रिय योश,

गेऑर्ग गेला. दादाचा गेऑर्ग. सतरा वर्षांचा होता. घसा सुजला आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं. त्याच्या आधीचे तिघे पाळण्यातच गेले, ते मी तुला त्या त्या वेळी कळवलंच होतं. आता होहेनलिंडच्या किल्ल्यात दादा आणि उर्सुलावहिनी, एवढीच माणसं उरली.

मंगळवारी दादा स्वतः मठात आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आमच्याकडच्या बायकांची अशी धांदल उडाली की स्वयंपाकिणीनं शुक्रवारचा मासा मंगळवारीच चुलीवर चढवला. दादा डोक्यावरची टोपी न काढताच बसला.

"लिही त्याला," म्हणाला.

"कुणाला?"

"उगाच वेड पांघरू नकोस, हेडविग."

"तो उत्तर देत नाही, दादा. सव्वीस वर्षांत एक ओळ नाही आली."

"पण तुझी पत्रं परत येत नाहीत. माझी येतात."

हे ऐकून मला आनंद झाला. भाच्याला पुरून आठवडा झाला नव्हता आणि मला आनंद झाला. हे तुला लिहायचं कारण नव्हतं, पण लिहून गेलं.

तर दादाचा निरोप असा. तुझी शपथ त्यानं उतरवली आहे. धर्मगुरू आणि दिवाण दोघांनीही मान्यता दिली आहे. तू घरी यावंस आणि लग्न करावंस. मुलगी बघून ठेवली आहे, सरदार घराण्यातली, आपल्या तोलाची. डोरोथेआ नाव, वय सोळा. तू आला नाहीस तर दादामागे सगळं ओस्टरफेल्डच्या चुलतभावांकडे जाईल. त्यांचा माणूस सांत्वनाला म्हणून आला होता आणि जाताना जंगल पावलांनी मोजत गेला.

शपथेबद्दलही मुद्देसूद लिही असं दादानं बजावलंय, म्हणून तुला पाठ असलेलंच पुन्हा लिहिते. आपल्या मुलखाच्या आजवर तीन वाटण्या झाल्या होत्या. न्याहारी करून निघालेला स्वार जेवायच्या आत परक्याच्या हद्दीत शिरायचा. चौथी वाटणी होऊ नये म्हणून बाबांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं, की तिघा भावांपैकी एकानंच लग्न करायचं आणि उरलेल्या दोघांनी बायबलवर हात ठेवून जन्मभर एकटं राहायची शपथ घ्यायची. कुणी करायचं, ते देवानं ठरवायचं. तीन नावांच्या तीन चिठ्ठ्या चांदीच्या भांड्यात टाकल्या आणि मला उचलायला लावली. मी सात वर्षांची होते. लहान मुलाच्या हाताला कपट माहीत नसतं, असं दिवाण म्हणाले होते. चिठ्ठी दादाची निघाली. बुर्कहार्ट हसला आणि त्यानं बिअर मागवली. तू हसला नाहीस. शेजारच्या खोलीत उर्सुला बसली होती. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला मुलगी देऊ, असा तिच्या वडिलांनी आधीच शब्द दिला होता. तीन आठवड्यांनी त्यांचं लग्न झालं आणि त्याच सकाळी तू स्वीडनच्या राजाच्या चाकरीत, रीगा बंदराकडे निघून गेलास. मी वरच्या खिडकीत होते. तू वर पाहिलं नाहीस.

बुर्कहार्ट तर तुर्कांशी लढताना हंगेरीत पडलाच. म्हणजे आता तूच.

त्या वेळी तो देवाचा निर्णय होता. आता देवानं तो बदलला, असं दादा म्हणतो. मी फक्त लिहून घेतलं.

तुझी बहीण,
हेडविग


वाल्डसेल मठ, २० डिसेंबर १६९४

प्रिय योश,

पाच ओळी! मी त्या इतक्यांदा वाचल्या की घडीवर कागद फाटायला आलाय. तुझं अक्षर अजून तसंच, डावीकडे झुकणारं. तू लिहिलंस: "लुडॉल्फला वारस हवा ना? माझ्याकडे आहे. मथिआस, सतरा वर्षांचा, वादळात शिडावर चढतो. त्याची आई आनेके, बंदरातल्या वाटाड्याची विधवा, अठरा वर्षं माझ्या घरात आहे. लीझे नावाची मुलगीही आहे. मथिआसला घराण्याचं नाव द्या, मी त्याला पाठवतो. मी येणार नाही."

म्हणजे सव्वीस वर्षं मी एकट्या माणसाला पत्रं लिहितेय असं समजत होते, आणि तुझं तिथं चौघांचं घर होतं.

पत्र घेऊन मी किल्ल्यावर गेले. दादानं नव्या दिवाणांना, फाबरना बोलावलं. हे फाबर कायद्याचे पंडित आहेत. बोलताना सारखे बोटांची नखं बघतात.

"हा मुलगा कायद्याच्या दृष्टीनं कुणाचाच नाही," म्हणाले.

मी म्हटलं, "बापाचं नाक असेल ना त्याला?"

"नाकाला गादी मिळत नाही, राजकन्ये. आई तोलामोलाची हवी, आणि लग्न झालेलं हवं. इथं दोन्हीही नाही. उद्या ओस्टरफेल्डवाले बादशहाच्या न्यायालयात गेले, तर आपलं हसं होईल."

"लग्न कसं असेल? करू नकोस अशी शपथ आपणच घ्यायला लावली ना!"

"ते खरंच," फाबर म्हणाले आणि पुन्हा नखांकडे बघू लागले.

नंतर बाहेरच्या बोळात दादानं माझी बाही ओढली.

"उंच आहे का गं?"

"कोण?"

"तो. बंदरातला."

"त्यानं नाही लिहिलं, दादा."

"विचार त्याला." दोन पावलं गेला आणि परत आला. "नको. विचारू नकोस."

तेव्हा उत्तर नकाराचं आहे. तूच यायचं, आणि एकट्यानं यायचं. हा हुकूम आहे, असं लिही म्हणाला.

वहिनीलाही भेटले. तिला खोकला लागलाय, उशीला टेकूनच बसते. तुझं पत्र तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं नाही. नुसतं धरून बसली आणि म्हणाली, "अजून डावीकडेच झुकतं."

हेडविग


वाल्डसेल मठ, ११ मार्च १६९५

प्रिय योश,

घाईनं लिहितेय. समुद्रावरचं बर्फ फुटलं की मिळेल त्या जहाजानं निघ.

लग्नासाठी म्हणत नाही. दादाचं काय ते दादा बघेल. वहिनीचं दुखणं फार वाढलंय. वैद्य म्हणतात, उन्हाळा दिसेलसं वाटत नाही. ती तुझं नाव घेते. तुला काही सांगायचं आहे, ते ती मला सांगत नाही, दादाला तर नाहीच. "तो आला की त्यालाच सांगेन," एवढंच म्हणते. दाराचा आवाज झाला की मान वळवते.

आनेकेबाईंना सांग, मरणाऱ्या बाईची इच्छा आहे. दोन महिन्यांचा प्रश्न आहे. भेट आणि परत जा. तुला कुणी अडवणार नाही.

हेडविग


वाल्डसेल मठ, १९ ऑगस्ट १६९५

योश,

माझी चार पत्रं तू न उघडता परत पाठवलीस. रीगाला माझं पत्र पाच आठवड्यांत पोचायचं. आता तू दोन कोसांवर आहेस आणि ते पोचतच नाही. हे मी डोरोथेआच्या हाती देतेय. ती म्हणाली, "मी उशीखाली ठेवून देईन, आत्याबाई. मग त्यांना घ्यावंच लागेल." नवऱ्याच्या बहिणीला ती आत्याबाई म्हणते. पोरच आहे अजून.

तुला जे कळलंच आहे ते आता माझ्या तोंडून ऐक. वहिनी २ मार्चला गेली. मी तुला लिहिलं ११ मार्चला. तिला पुरून आल्यानंतर मी तुला लिहिलं की ती दाराकडे मान वळवते.

तिनं तुझं नाव घेतलं होतं, हे मात्र खोटं नाही. फेब्रुवारीत, एकदाच. मी तिला विचारलं, योशला बोलावू का? ती म्हणाली, "नको गं. माझे पुढचे दात पडलेत. त्याला सांग, येऊ नकोस. तिथं त्याचं बरं चाललंय ना? मग झालं." मी हो म्हटलं. आणि नेमकं याच्या उलट लिहिलं.

का लिहिलं, ते मला ठाऊक आहे. आज लिहिण्याचा धीर नाही.

तुला ते तिच्या थडग्याच्या दगडावर वाचायला लागलं. तळघरातल्या म्हाताऱ्या राखणदारानं मला सांगितलं. तू दिवा धरून खाली उतरलास, तारीख वाचलीस आणि त्याला विचारलंस, "हा तीनचा आकडा आहे की पाचचा? महिना कुठला?" "तिसरा, सरकार. मार्च." मग तू तिथंच पायरीवर बसलास. तो म्हणाला, दिव्यातलं तेल संपेतो साहेब उठले नाहीत.

नंतरचं दादाकडून कळलं. तुझा घोडा परत दिला नाही. दारावर दोन अंमलदार बसवले. तुझ्या वतीनं स्वीडनच्या राजाला राजीनामा धाडला, तुझी सही नसताना. तरी तू ऐकेनास, तेव्हा दादा तुझ्यापुढे गुडघ्यांवर बसला. पंचावन्न वर्षांचा, संधिवाताचा माणूस. त्याला उठवायला दोघे लागले. आणि मग तुम्ही दोघांनी तो कागद केला, की डोरोथेआला मुलगा झाला की तुला मोकळं सोडायचं, कुठं जाशील ते विचारायचं नाही, आणि मथिआसला साधं का होईना सरदारकीचं नाव द्यायचं. तू लगेच सही केलीस म्हणे. तुरुंगातून सुटायला माणूस लग्न करतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

लग्नात मी तिसऱ्या बाकावर होते. डोरोथेआच्या हातून अंगठी पडली, घरंगळत पार उपाध्यायांच्या पायापर्यंत गेली. तू ती वाकून उचललीस आणि तिला म्हणालास, "घाबरू नकोस. तुझा काही दोष नाही." मागं ऐकू आलं सगळ्यांना. तिथं दोष माझा होता आणि मी स्तोत्रं म्हणत होते.

आनेकेबाईंना तू कळवलं आहेस का? दादा तुझी पत्रं फोडतो, हे तुला माहीत असू दे.

हेडविग


वाल्डसेल मठ, ३० ऑक्टोबर १६९५

योश,

ती आली होती. आनेके.

ल्यूबेकपर्यंत जहाजानं, पुढं मिठाच्या गाड्यांवरून, शेवटचा दिवस पायी. द्वारपाल बाईंना वाटलं कुणी धुणेवाली कामाला आलीय, त्यांनी तिला मागच्या दारी पाठवलं. मी खाली गेले तर ती स्वयंपाकघरात बूट काढून पाय शेकत बसली होती. मला पाहून उठली नाही.

"पत्रं लिहिणाऱ्या त्या तुम्हीच ना?" म्हणाली.

"हो."

"तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. जेवताना. तुमच्या मठातल्या त्या बायका मांजरावरून भांडल्या होत्या, ते पत्र तर पोरांनी तीनदा वाचायला लावलं होतं. लीझे इतकी हसली की दूध नाकात गेलं."

योश, मला हे माहीत नव्हतं. मी पत्र पाठवत होते ते विहिरीत टाकल्यासारखं. तिकडं एक आख्खं घर जेवणाच्या टेबलाशी ते ऐकत होतं.

मी विचारलं, "मग उत्तर का नाही दिलं त्यानं कधी?"

"दर वेळी कागद काढायचा. मग ठेवून द्यायचा. म्हणायचा, उत्तर दिलं की ती बोलावेल आणि ती बोलावेल तर मी जाईन." चुलीत लाकूड सारून ती म्हणाली, "बर्फ पडायच्या आत येतो म्हणाला होता. एक बाई मरतेय, तिला भेटून येतो. मी म्हटलं, जा. मरणाऱ्या माणसाला कसं नाही म्हणायचं? भेटली का ती?"

"नाही."

"उशीर झाला?"

"मी लिहिलं तेव्हाच ती गेलेली होती."

तिला समजायला वेळ लागला. मी पुढचंही सांगितलं, एकदाच सगळं. लग्नाचं, डोरोथेआचं, त्या कागदाचं. मी गप्प राहिले तर पुन्हा खोटं बोलेन अशी मला भीती वाटत होती.

"लग्न झालं," ती म्हणाली. "कुठं? चर्चमध्ये?"

"हो."

"मी अठरा वर्षांत कधी म्हटलं नाही त्याला. शपथ आहे म्हणायचा. म्हटलं, असू दे, देवाशी कशाला भांडायचं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "देवाशीच होती ना ती शपथ?"

तिथं मी तिला ते सांगितलं, जे मी कुणालाच सांगितलं नाही. दादाला नाही, वहिनीला मरताना नाही. तुलाही आत्ताच लिहितेय.

चिठ्ठ्यांच्या आधी, दिवाण नावं लिहीत होते तेव्हा मी कुत्र्याजवळ टेबलाखाली बसले होते. मला सगळं दिसत होतं. तुझी चिठ्ठी त्यांनी शेवटी बंद केली आणि तोवर मोहरेची लाख संपत आली होती. तुझ्या चिठ्ठीवरचा ठसा मसुराएवढा होता, बाकीच्या दोन्हींवरचे मोठे. भांड्यात हात घातला तेव्हा ती माझ्या बोटाला लागली. मी ती सोडून दिली. दुसऱ्या दोन्हींतली कुठली उचलतेय त्याची मला पर्वा नव्हती.

त्याआधी महिनाभर तू मला खांद्यावर घ्यायचं सोडलं होतंस. सारखा उर्सुलेशी बोलायचास, तळ्याकाठी. मी सात वर्षांची होते. मला वाटलं, तुझं लग्न झालं नाही तर तू घरी राहशील. माझ्यापाशी.

एवढंच होतं ते. देव नव्हता त्यात कुठं.

सांगताना मी रडले. आनेके रडली नाही. तिनं वाडग्यातलं सूप संपवलं, पाव फिरवून वाडगा पुसला, मग म्हणाली:

"बाईसाहेब, त्या सात वर्षांच्या पोरीवर माझा राग नाही. तिनं तसं केलं नसतं तर तो रीगाला कशाला आला असता? मला अठरा वर्षं मिळाली ती तिच्यामुळं. मथिआस, लीझे तिच्यामुळं. पण मार्चमध्ये ज्या बाईनं ते पत्र लिहिलं, ती काही सात वर्षांची नव्हती."

मी तिच्या वाडग्याकडं हात केला, तिनं तो आपल्याकडं ओढून घेतला.

ती म्हणाली, "त्याला एकदा बोलवा. मी भांडणार नाही. बघेन आणि जाईन."

मी आमची गाडी किल्ल्यावर पाठवली. अंमलदारांनी अंगणातूनच परत लावली, राजकुमार शिकारीला गेलेत म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवली, पुन्हा तेच. तुला निरोप पोचलाच नाही, हे मला ठाऊक आहे. तू मुद्दाम आला नाहीस असं मी तिला वाटू दिलं नाही. मी स्वतः जायला निघाले तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या. ल्यूबेकहून शेवटचं जहाज सुटेल. पोरं एकटी आहेत." बाजरी वेचावी तशी सावकाश बुटांच्या नाड्या बांधल्या तिनं. वाडगा तिनं स्वतः धुऊन पालथा घातला होता.

मी कोपऱ्यावरच्या लिंडेनच्या झाडापर्यंत बरोबर गेले. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मला ते ओळखीचं वाटलं.

हेडविग


वाल्डसेल मठ, २ जुलै १६९६

प्रिय योश,

काल तू आलास, त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मुलगी झाल्याची बातमी मला आधीच कळली होती. डोरोथेआ तीन दिवस अडली होती, हेही. सुइणीनं सांगितलं की ती वाचली हेच खूप, पण आता तिला पुन्हा मूल होणार नाही. दादानं पाळण्यात पाहिलं म्हणे आणि नुसता म्हणाला, "पुढच्या वर्षी." त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं तेव्हा त्याच्या हातातली काठी पडली आणि त्याच संध्याकाळी त्याचं तोंड वाकडं झालं. आता त्याला बोलता येत नाही. कागदावर उजवा हात चालत नाही. तरी डाव्या हातानं त्यानं एक हुकूम लिहिला, तो माझ्याकडं आलाय. तुझ्या मुलीचं नाव आमच्या मठाच्या यादीत घालायचं. सोळाव्या वर्षी तिनं इथं यायचं. नावही त्यानंच ठेवलंय, हेडविग. तुला विचारलं नसणार.

तू बैठकीत आलास, टोपी मांडीवर ठेवून बसलास. अठ्ठावीस वर्षांनी मी तुला जवळून पाहिलं. तुझे केस पांढरे झालेत, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

"किती दिवस थांबली होती?" तू विचारलंस.

"दोन."

"कुठं झोपली?"

मी आनेके झोपली ती खोली दाखवली. चुलीमागची, मोलकरणींची. तू आत गेलास आणि दार लावून घेतलंस. प्रार्थनेची घंटा झाली, बायका येऊन गेल्या, तरी तू आतच होतास. बाहेर आलास तेव्हा मला वाटलं आता माझ्याशी बोलशील. शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं. तू म्हणालास, "त्या खोलीला खिडकी नाही." आणि गेलास.

तुला मला माफ करायला मी सांगणार नाही. पण तू पुन्हा आलास तर, मला त्याच खोलीजवळ बसू दे. मी बोलणार नाही.

हेडविग


वाल्डसेल मठ, २४ मे १६९७

प्रिय योश,

तुझा गाडीवान खाली थांबलाय, म्हणून थोडक्यात लिहिते.

जानेवारीत दादा गेला आणि तू राजा झालास, तेव्हा सगळे माझ्याकडं अभिनंदनाला आले होते. पंधरा दिवसांनी तू आलास आणि उभ्याउभ्याच म्हणालास, "मुलूख ओस्टरफेल्डवाल्यांना लिहून देतो. डोरोथेआ माहेरी जायला तयार आहे, तिला तिची आई हवीय. मी रीगाला जातो." मग तू मला आनेकेसाठी लिहिलेलं पत्र दिलंस, बंद करून. माझ्या हातात. फाबरच्या माणसांच्या हाती ते जायला नको म्हणून असेल, पण तू माझ्या हातात दिलंस. मी ते त्याच दिवशी पाठवलं. वाफेवर धरून उघडलं नाही. हे सांगावं लागतंय, इथवर माझी मजल गेली आहे.

तीन महिने तुझा आवाज वेगळा होता. डोरोथेआनं मला सांगितलं, की तू तबेल्यात जाऊन घोड्याशी बोलतोस आणि तिला लहान मुलीला कसं धरायचं ते शिकवतोस.

आज उत्तर आलं. आनेकेचं नाही, रीगाच्या पाद्र्यांचं. मी ते वाचलंय, कारण ते माझ्या नावानं आलं. तू वाचायच्या आधी मी सांगते, म्हणजे एकदम कागदावर बघावं लागणार नाही.

तिकडं दोन वर्षं पीक आलं नाही. माणसं रस्त्यावर मरतायत. पाद्री लिहितात, सकाळी चर्चचं दार उघडताना आधी उंबऱ्याबाहेर बघावं लागतं. मथिआस मागच्या शरद ऋतूत डच जहाजावर चढला, त्यानंतर त्याची बातमी नाही. लीझे फार आजारी होती, घरात मूठभर पीठ नव्हतं. पाव भाजणारा एक विधुर आहे, त्याच्याकडं भट्टी आहे आणि शहराचं धान्य त्याच्याकडं येतं. जानेवारीत, एपिफनीच्या सणाच्या आठवड्यात आनेकेनं त्याच्याशी लग्न केलं. म्हणजे दादा गेला त्याच आठवड्यात. लीझे वाचली, आता हिंडते.

तुझं पत्र पाद्र्यांनी तिला भट्टीजवळ उभं राहून वाचून दाखवलं, कारण तिला वाचता येत नाही. तिनं ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाली, ते त्यांनी जसंच्या तसं लिहिलंय:

"त्याला लिहा, चर्चच्या वहीत माझं नाव लागलं. आता मी कुणाची तरी लग्नाची बायको आहे. ते मला मोडायचं नाही."

पाद्री लिहितात, मग ती पीठ मळायला गेली. तुझं पत्र तिनं ठेवून घेतलं नाही. ते यासोबत परत आलंय.

सकाळपासून हे कागद माझ्यासमोर होते. उत्तर आलंच नाही असं तुला सांगता आलं असतं. ती वाट बघतेय असं सांगता आलं असतं, मग तू पाच आठवडे, समुद्रावर का होईना, सुखात असतास. तुला इथं ठेवून घ्यायला काय लिहावं तेही मला सुचलं. असं काही सुचायला मला वेळ लागत नाही, तुला ठाऊकच आहे.

ओस्टरफेल्डचा माणूस कालपासून गावात उतरलाय. दस्तऐवजावर सही करायची की नाही, ते तुझं तू ठरव. मी मत देत नाही.

तुझं पत्र आणि पाद्र्यांचं पत्र, दोन्ही सोबत आहेत. मी त्यांत काही घातलं नाही, काही काढलं नाही.

हेडविग